बिट्सला घालायचं की कॅपमधलं कॉलेज घ्यायचं? फी, कर्ज आणि पगाराचा हिशोब घरी बसून कसा मांडायचा

सीईटीचा निकाल, बिट्सॅटचा (बिट्सच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर आणि कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, याद्या हे सगळं दीड-दोन महिन्यांत एकावर एक येऊन पडतं आणि नेमकं तेव्हाच घरात फ्लॅटनंतरचा सगळ्यात मोठा पैशाचा निर्णय घ्यायचा असतो. तोही चार दिवसांत, कारण फी भरायची तारीख डोक्यावर असते. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, कॅम्पस हायरिंगच्या पॅनेलवर बसते, त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, गावाकडचे लोक या दिवसांत फोन करतात. सगळ्यांना जे फोनवर सांगते तेच इथे नीट पायऱ्यापायऱ्यांनी लिहितेय. उदाहरण बिट्स पिलानी या खासगी अभिमत विद्यापीठाचं घेतलंय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत खरी ओढाताण तिथेच होते, गोव्यात कॅम्पस आहे, नाव मोठं आहे, प्रवेश मुख्यतः बिट्सॅटच्या मार्कांवर आहे आणि फी भरपूर आहे. पण पद्धत हीच, कॉलेज कुठलंही असो.

आधी लिहा, कशाच्या बदल्यात काय

मला प्रश्न येतो तो बहुतेक असा, "ताई, बिट्सला घालू का? वर्थ आहे का?" याला उत्तरच देता येत नाही. गोव्याला मेकॅनिकल मिळतंय आणि इकडे सीओईपीला कॉम्प्युटर लागतंय ही एक गोष्ट, आणि पिलानीला कॉम्प्युटर सायन्स मिळतंय आणि इकडे नवख्या कॉलेजात मिळेल ती ब्रँच घ्यावी लागतीये ही पूर्ण वेगळी गोष्ट. महागडं कॉलेज घ्यावं की नाही हे त्या कॉलेजच्या नावावरून ठरत नाही, तुमच्या हातात दुसरं काय आहे त्यावरून ठरतं. माझं सगळं म्हणणं याच्यावरच उभं आहे.

म्हणून वहीचं एक पान घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे बिट्सचा कॅम्पस आणि ब्रँच, उजवीकडे कॅपमधून खरोखर मिळू शकणारं सगळ्यात चांगलं कॉलेज आणि ब्रँच. खरोखर म्हणजे मागच्या वर्षाच्या कट-ऑफ यादीत तुमच्या कॅटेगरीला, तुमच्या पर्सेंटाइलला बसणारं. व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद, पुण्याचं पीआयसीटी, कमिन्स, व्हीआयटी, मुंबईचं एसपीआयटी, डीजे संघवी यातलं एखादं येत असेल तर तुमचा उजवा कॉलम भक्कम आहे हे लक्षात घ्या. सीओईपी १८५४ पासून आहे, व्हीजेटीआय १८८७ पासून, कंपन्यांना या कॉलेजांची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि ब्रँच लिहायला विसरू नका, लोक नेमकं तेच विसरतात. बिट्समध्ये एमएस्सीची ड्युअल डिग्री असते, म्हणजे इकॉनॉमिक्स, मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो अशा विषयात प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) दुसरी इंजिनीअरिंगची ब्रँच मिळते. ही वाट चांगली आहे, पण कोर्स पाच वर्षांचा होतो, म्हणजे पाचव्या वर्षाची फी, पाचव्या वर्षाचं हॉस्टेल, आणि एक वर्ष उशिरा पगार. शिवाय दुसरी ब्रँच कुठली मिळेल ते आज कोणीच सांगू शकत नाही, ती पोराला पहिल्या वर्षात कमवावी लागते. तेव्हा "मॅथ्स घेऊ, पुढे कॉम्प्युटर मिळेलच" असं धरून हिशोब मांडू नका, मधली एखादी ब्रँच मिळेल असं धरा.

चार वर्षांचा पूर्ण खर्च

वेबसाइटवर सेमिस्टरची ट्यूशन फी असते, लोक तिला आठने गुणतात आणि थांबतात. त्यात हॉस्टेल, मेस, प्रवेशाच्या वेळची एकरकमी फी, दुसऱ्या वर्षानंतरची समर टर्म, लॅपटॉप, प्रवास, कपडे-लत्ते, पोराचा महिन्याचा हातखर्च हे सगळं धरावं लागतं. फी दरवर्षी वाढू शकते, त्याबद्दल प्रॉस्पेक्टसमध्ये काय लिहिलंय ती ओळ शोधून वाचा. सगळं मिळून बिट्सचं इंजिनीअरिंग आज २५ ते ३० लाखांच्या घरात जातं, मी घरच्यांना ३० च धरायला सांगते, उरले तर चांगलंच.

प्रवासाचं म्हणाल तर गोव्याचा कॅम्पस झुआरीनगरला, वास्कोजवळ, पुण्या-कोल्हापूरहून रात्रीची बस पुरते. पिलानी राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यात आहे, दिल्लीला उतरून पुढे आणखी काही तास रस्ता. वर्षातून तीन-चार फेऱ्या, एखाद्या वेळी आई-वडिलांची फेरी, हे पैसे चार वर्षांत दिसायला लागतात.

उजव्या कॉलमला चांगल्या कॉलेजची फी वर्षाला लाखापासून दोन लाखांच्या थोडी पुढेपर्यंत असते. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती त्यांच्या साइटवर बघायला मिळते, कॉलेजचा माणूस तोंडी सांगतो ती धरू नका. पुण्यात पीजी आणि मेस मिळून महिन्याला १०-१२ हजार धरा. म्हणजे बाहेरगावच्या पोराचा चार वर्षांचा सगळा खर्च साधारण १२ लाखांच्या आसपास, घर पुण्यात असेल तर त्याच्या निम्माच. आता फरक काढा. ३० वजा १२, झाले १८ लाख. इथून पुढे प्रश्न एवढाच की या १८ लाखांत जास्तीचं काय मिळतंय.

सवलती आधी लावा, मग फरक काढा

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे, म्हणून सावकाश वाचा.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पण ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतलेल्या सीटला नाही, खासगी अभिमत विद्यापीठांना नाही, स्वयं-अर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे तीच मुलगी, तेच घर, पण एका कॉलेजात ट्यूशन फी शून्य आणि दुसऱ्यात पूर्ण. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनमधल्या ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) पोरांची निम्मी ट्यूशन फी सुटते. एससी-एसटीसाठी पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपची वेगळी सोय आहे. हॉस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा. हे सगळं महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर भरायचं असतं.

आणखी एक म्हणजे टीएफडब्ल्यूएस, ट्यूशन फी माफीची योजना. प्रत्येक कोर्सला ५ टक्के जादा सीटा असतात, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुठल्याही कॅटेगरीच्या पोराला ट्यूशन फी माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये याचे चॉईस कोड वेगळे असतात, शेवटी टी असतो. कट-ऑफ जास्त लागतो आणि नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, पण चांगल्या पर्सेंटाइलच्या पोरांनी हे कोड न भरता सोडून देणं हे मला बघवत नाही.

बिट्सच्याही स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत, बिट्सॅटच्या मेरिटवर आणि घरच्या उत्पन्नावरून मेरिट-कम-नीडच्या. त्यात ट्यूशन फीचा काही हिस्सा सुटतो, पण पुढच्या वर्षी ती टिकवायला सीजीपीए राखावा लागतो. तेव्हा चारही वर्षं मिळणारच असं धरू नका, नियम वाचा आणि एखाद्या वर्षी नाही मिळाली तर काय, तेही त्या कागदावर लिहा.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल हे कागद मे महिन्यातच काढून ठेवा. एका दाखल्यासाठी जुलैत तहसील कचेरीच्या फेऱ्या मारणारे आई-बाप मी दरवर्षी बघते, आणि तोपर्यंत फॉर्मची तारीख उलटलेली असते.

कर्जाचं गणित, एकदा पूर्ण करून बघा

बँकेत साहेब सांगतात, "काळजी करू नका, कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ता सुरू." खरं आहे ते, पण व्याज पहिली रक्कम उचलल्याच्या दिवसापासूनच चालू असतं. समजा २० लाखांचं कर्ज, दरवर्षी ५ लाख उचल, व्याज १० टक्के. शिकत असतानाच्या काळात साधं व्याज लागतं. पहिले ५ लाख पाच वर्षं पडून, त्याचे अडीच लाख. दुसरे ५ लाख चार वर्षं, त्याचे २ लाख. मग दीड, मग एक. सगळे मिळून ७ लाख. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा तुमचं कर्ज २० नसून २७ लाख असतं.

२७ लाख, १० टक्के, १० वर्षं: महिन्याला साधारण ३५,७०० रुपये हप्ता, एकूण परतफेड जवळपास ४३ लाख. १५ वर्षं केलीत तर हप्ता २९ हजारांवर येतो पण एकूण परतफेड ५२ लाखांच्या वर जाते. आणि शिकत असतानाच आई-वडिलांनी व्याज भरत ठेवलं, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला चार-सव्वाचार हजार, चौथ्या वर्षी साडेसोळा हजार, तर नंतर हप्ता २६,४०० च्या आसपास येतो आणि एकूण ४ लाख वाचतात. जमत असेल त्यांनी हेच करावं.

आता तारण. ४ लाखांपर्यंत काही लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्या वर बँका सहसा मालमत्ता तारण मागतात. गावाकडच्या घरांत इथेच गाडी अडते, कारण घरात असते ती शेतजमीन, आणि कर्ज थकलं तर बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे बँका सातबारा बघून मान हलवतात. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट किंवा एफडी लागते. नामवंत संस्थांची बँकांची वेगळी यादी असते, त्यात कॉलेज असेल तर तारणाशिवाय मोठी रक्कम मिळू शकते, स्टेट बँकेची स्कॉलर लोन आहे तशी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, त्यात निवडक संस्थांना तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पोर्टलवर कॉलेजचं नाव यादीत आहे का ते आधी बघा. शिक्षण कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते पण ती जुन्या कर-पद्धतीतच, नवी पद्धत घेतलीत तर नाही.

एक गोष्ट मी ठामपणे सांगते, वडिलांचा पीएफ आणि आईचे दागिने हिशोबात घेऊ नका. पोराला कर्ज मिळतं, साठीनंतर म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही.

प्लेसमेंटचा ब्रोशर बाजूला ठेवा

ब्रोशरवर पहिल्याच पानावर हायेस्ट पॅकेज असतं, बहुतेकदा परदेशातल्या एका ऑफरचं. त्याचा तुमच्या पोराशी काही संबंध नाही. त्याखाली अ‍ॅव्हरेज असतं, त्याचाही फारसा नाही. का ते बघा. दहा पोरांचे पॅकेज धरा, लाखांत: ६, ६, ७, ७, ८, ८, ९, १०, १४ आणि ४५. बेरीज १२०, अ‍ॅव्हरेज आलं १२ लाख. पण दहातल्या आठ जणांना १२ पेक्षा कमी मिळालंय. रांगेत मधे उभ्या असलेल्या पोराला ८ मिळालेत, तोच मीडियन. एकट्या ४५ वाल्याने अ‍ॅव्हरेज वर नेलं.

मीडियन कुठे मिळतो? एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, कॉलेजं जी माहिती देतात त्याची पीडीएफ उघडी असते, एनआयआरएफच्या साइटवर आणि कॉलेजच्या साइटवरही. त्यात चार वर्षांच्या यूजी कोर्सचा तक्ता असतो: किती पोरांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत पास झाले, त्यातले किती प्लेस झाले, त्यांचा मीडियन पगार किती, आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. दोन्ही कॉलेजांची पीडीएफ उघडा आणि हे पाच आकडे शेजारी शेजारी लिहा, एकाच वर्षाचे नकोत, तिथे तीन वर्षांचे असतात ते सगळे. कारण २०२२ ला आयटीत भरती जोरात होती आणि २०२३ नंतर ती आटली, एका वर्षावरून काही कळत नाही.

आणि हा मीडियन फक्त प्लेस झालेल्यांचा असतो. १०० पोरं पास झाली, ७० प्लेस झाली, १२ पुढे शिकायला गेली, तर उरलेल्या १८ जणांचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नसतं. हा उरलेल्यांचा आकडा दोन्ही कॉलेजांसाठी काढा, मला पॅकेजपेक्षा तो जास्त सांगतो. शिवाय या तक्त्यात ब्रँचवार फोड नसते, सिव्हिल आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात असतात. तेव्हा ब्रँचसाठी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना विचारा, लिंक्डइनवर कॉलेज आणि ब्रँच टाकून तीन वर्षांपूर्वी पास झालेले २०-३० जण बघा, आज कुठे आहेत. टॉपर शोधू नका, जे समोर येतील ते ओळीने घ्या.

सीटीसी म्हणजे पगार नाही

मी ऑफर लेटरं रोज बघते म्हणून सांगते. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला धरते तो एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, कामगिरीवर मिळणारं व्हेरिएबल असतं, जॉइनिंग बोनस असतो जो एकदाच मिळतो, आणि मोठ्या कंपन्यांत शेअर असतात जे चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात. २५ लाखांच्या सीटीसीत फिक्स १४ असणं काही नवल नाही. पोरांना मुलाखतीनंतर मी हेच सांगते की फिक्स विचारा.

पूर्ण फिक्स १२ लाख असेल तर हातात महिन्याला साधारण ८५ हजार येतात. ८ लाख असेल तर ५५-६० हजार. मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं नेहमीचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास असतं, तिथे हातात २५ हजारांच्या थोडं इकडे-तिकडे.

आता मघाचा ३५,७०० चा हप्ता यावर ठेवून बघा. ८५ हजारांत बसतो, ओढाताण होऊन. ५७ हजारांत बसत नाही, बंगळुरूत भाडं देऊन तर नाहीच. २५ हजारांत हप्ता पगारापेक्षा मोठा आहे, म्हणजे तो वडील भरणार. माझा नियम असा की हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये, आणि पगार धरायचा तो त्या ब्रँचच्या मीडियनपेक्षा थोडा खालचा. या परीक्षेत जेवढं कर्ज पास होतं तेवढंच घ्यायचं. ३५,७०० साठी हातात लाखाच्या वर यावे लागतात. २० लाखांचं कर्ज पास होत नसेल आणि १० चं होत असेल तर उरलेले घरात आहेत का हा पुढचा प्रश्न, नसतील तर उत्तर मिळालंच.

जास्तीच्या पैशांत मिळतं तरी काय

मी बिट्सच्या विरोधात आहे असं वाटून घेऊ नका. तिथल्या पोरांचा मी इंटरव्ह्यू घेतलाय आणि काही गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. प्रॅक्टिस स्कूल ही त्यातली सगळ्यात भारी. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने, आणि शेवटाकडे साडेपाच महिन्यांचं पूर्ण सेमिस्टर कंपनीत जाऊन काम, मार्कांसकट. त्यातून बऱ्याच जणांना तिथेच नोकरी मिळते. हजेरीची सक्ती नाही, त्यामुळे ज्याला स्वतःहून काही करायचंय त्याला वेळ भरपूर. शेजारच्या खोलीतली पोरं देशभरातून गाळून आलेली. स्विगीचे श्रीहर्ष मजेटी आणि नंदन रेड्डी, रेडबसचे फणींद्र सामा हे सगळे तिथलेच, आणि हे जाळं नंतरही उपयोगी पडतं.

पण हे कोणाला उपयोगी पडतं हे बघावं लागतं. हजेरीची सक्ती नसणं हे घरून अभ्यासाला बसवायला लागणाऱ्या पोराचं पहिल्याच वर्षी नुकसान करतं. आणि पहिल्या नोकरीला कॉलेजचं नाव लागतं, तीन वर्षांनंतर मी रेझ्युमे बघते तेव्हा काय काम केलंय ते बघते, कॉलेज तळाला कुठेतरी असतं.

अमेरिकेत यावर स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास आहे. त्यांनी गंमत अशी केली की निवडक कॉलेजात गेलेली पोरं आणि तिथे प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेली पोरं यांची तुलना केली. पुढची कमाई जवळपास सारखीच निघाली, गरीब घरातल्या पोरांना मात्र निवडक कॉलेजचा फायदा झाला. पुढे २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आयव्ही दर्जाच्या (हार्वर्डसारख्या) कॉलेजने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, पण अगदी वरच्या १ टक्क्यात पोचायची शक्यता बरीच वाढते. तो देश वेगळा, आपल्याकडे कॅम्पसला कोण येतं यावर पहिली नोकरी जास्त अवलंबून आहे, तरी त्यातला प्रश्न आपल्याला लागू आहे: हेच पोर दुसऱ्या कॉलेजात गेलं असतं तर काय केलं असतं? बिट्सॅटला एवढे मार्क पाडणारी पोरगी सीओईपीतही पहिल्या रांगेत असणार आहे.

एका घरातला हिशोब

बार्शीकडचं ओळखीचं घर, वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ओबीसी, नॉन-क्रीमी लेयर हातात. मुलीला बिट्स गोव्याला मेकॅनिकल आणि कॅपमधून पुण्यात कमिन्सला कॉम्प्युटर लागत होतं. वडिलांना गोवा हवं होतं, "मोठ्या कॉलेजचं नाव लागेल तिला" म्हणून. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून वहीत दोन कॉलम केले. डावीकडे ३० लाख. उजवीकडे ट्यूशन शून्य, राहणं-खाणं-लॅपटॉप आणि किरकोळ फी मिळून ७ लाख. फरक २३. बँकेने तारण मागितलं होतं, घरात होती ती साडेतीन एकर बागायत, ती चालत नव्हती, म्हणून राहतं घर लावायचं चाललं होतं. मुलीची आई तोवर काही बोलली नव्हती, भाकरी करत होती. हप्त्याचा आकडा लिहिला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि पहिलं वर्षभर हिला नोकरीच नाही लागली, तर हा हप्ता कोण भरणार?"

मुलीला स्वतःला कोडिंगच करायचं होतं, मेकॅनिकल ती फक्त नावासाठी घेणार होती. मग अवघड काही राहिलंच नाही, कमिन्स घेतलं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका घरात मी उलट सांगितलं. आई-वडील दोघं नोकरीत, मुलाच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवलेले २२ लाख तयार, सवलत कुठलीच लागू नाही. पिलानीला कॉम्प्युटर सायन्स मिळत होतं आणि कॅपमध्ये मनासारखं काहीच लागत नव्हतं. कर्ज ८ लाखांचं, हप्ता फिक्स ८ लाखांच्या नोकरीतही बसणारा. तिथे दोन दिवस विचार करत बसण्यातही अर्थ नव्हता.

पुढे एमएस करायचंय का, हे आत्ताच विचारा

हे लोक चार वर्षांनी विचारतात आणि तोपर्यंत पैसे संपलेले असतात. पोराला मास्टर्सला बाहेर जायचं असेल तर शेवटची डिग्री तिकडची लागणार आहे, मग बीईवर सगळी गंगाजळी ओतायची का? जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीसारखे अपवाद सोडून, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे इथे वाचवलेल्या १८-२० लाखांत तिथला बराचसा खर्च निघतो. उलट बाजूने बिट्सचा चांगला सीजीपीए आणि प्रोफेसरांची शिफारस परदेशात वजनदार ठरते हेही खरं. दोन्ही लिहा, पण लिहाच.

मॅनेजमेंट कोट्याबद्दल थोडक्यात

कॅपमधून न मिळालेलं कॉलेज मॅनेजमेंटमधून घ्यायचं असेल तर वरच्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, हे धरूनच फरक काढा. पावतीशिवाय कोणी रोख मागत असेल तर उठून या, कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

तारखा आणि रिफंड

शेवटचं पण घाईत लोक इथेच पैसे घालवतात. बिट्सच्या इटरेशन (प्रवेशाच्या फेऱ्या) कॅपच्या फेऱ्यांच्या आधी किंवा मधे येतात, म्हणजे उजव्या कॉलमचा निकाल लागायच्या आत डावीकडे पैसे भरायची वेळ येते. भरण्याआधी त्या वर्षाचा रिफंडचा नियम प्रिंट काढून वाचा, कुठल्या तारखेपर्यंत सोडलं तर किती परत, कुठल्या तारखेनंतर काहीच नाही. तारीख मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, आई आणि वडील दोघांच्या. कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिला प्राधान्यक्रम लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, तेव्हा नुसतं "बघू लागतंय का" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. ज्या दिवशी बिट्स सोडायचं ठरेल त्या दिवशी कॅन्सलेशनचा अर्ज पोर्टलवरून करा, त्याचा स्क्रीनशॉट आणि पोच ईमेलवर घ्या, आणि मूळ एलसी-मार्कलिस्ट कुठेही अडकवू नका, झेरॉक्स द्या. आणि बँकेचं सँक्शन लेटर आलं म्हणजे कर्ज घेतलंच पाहिजे असं काही नसतं, उचल करेपर्यंत व्याज सुरू होत नाही, तेव्हा ते आधी काढून ठेवा आणि निर्णय शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, पोराला शेजारी बसवून, त्या दोन कॉलमच्या पानावर घ्या.